गौरीचे हात

२६ ऑगस्ट १९६३, चिंचणी

ही डायरी मुंबईच्या व्यापाऱ्याने दिवाळीला दिली होती, कामाच्या नोंदी करायला. जानेवारीत सोन्याचा कायदा आला, चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही म्हणून, आणि नोंदी करण्यासारखं कामच उरलं नाही. सोनार ज्या पोलादी ठोकळ्यात पत्रा ठोकून फुलं उठवतो तो ठोकळा, म्हणजे डाय, कापणं हा माझा धंदा. सोनारच हात बांधून बसले तर मला कोण विचारतो? कोरी पानं बघवत नाहीत म्हणून आज लिहायला घेतलं.

आज गौर आली. दरवर्षीप्रमाणे बेटेगावच्या पलीकडून ठकी वारलीण डोक्यावर भारा घेऊन आली. तेरडा आणि गौरीचे हात. या फुलाला कोणी कळलावी म्हणतं, कोणी वाघनखी. आमच्याकडे तेरड्याच्या जुडीची गौर करतात आणि ही फुलं तिच्या दोन्ही बाजूंना हात म्हणून खोचतात. एकावन्न वर्षं फुलं घरात येतात, पण निवांत बघायला सवड यंदाच झाली. भिंग लावून बसलो. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, खाली पिवळ्या, टोकाला लाल. फूल मान खाली घालतं आणि पाकळ्या मात्र उलट्या वर जातात. मोगरा पोलादात झाला, कमळ झालं, कोयरी तर इतकी झाली की तिचा कंटाळा आला. हे फूल कोणी कापलेलं नाही. मेणावर उतरवायला घेतलं, तर दुपारपर्यंत त्याचा बाकच गेला. तोडलेलं फूल कामाचं नाही. वेल दारातच हवी.

गौरीला दरवर्षी मंगलाच्या लग्नातल्या पाटल्या घालतो. मी कापलेल्या पहिल्या डायवरच्या आहेत त्या. कायदा आल्यापासून तिने त्या हातातून उतरवून ट्रंकेत ठेवल्यात, यंदा बाहेर काढल्याच नाहीत. म्हणाली, सोन्याचे दिवस वाईट आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांवर कशाला? घडवलेल्या दागिन्याला कायद्याची आडकाठी नाही हे मी तिला दोनदा समजावलं. पण बायको सावध असलेली बरी, म्हणून सोडून दिलं.

बाबा टाक्या-छिन्न्या पुसून ठेवताना म्हणायचे, आज कोणाचे उपकार घेतले ते आठवल्याशिवाय हत्यारांची पेटी मिटू नये. हल्ली पेटी उघडतच नाही, म्हणून इथे लिहितो. आज ठकीचे उपकार.

२४ नोव्हेंबर १९६३

बोईसरपर्यंत एस.टी.ने आणि पुढे पायी, असा बेटेगावच्या पुढच्या बांधावर गेलो. ठकी वाट बघत होती. वेली वाळल्या होत्या, शेंगा उकलल्या होत्या आणि आत लालभडक मण्यांसारखं बी. मला वेलीच्या मुळाशी असतो तो कांदाच न्यायचा होता, म्हणजे पुढच्याच पावसाळ्यात फूल. मी कोयता घातला तशी तिने माझा हात धरला.

"कांदा नको खणू दादा. एक तर इख हाय त्याच्यात. आन इथला कांदा नेलास, तं पुढल्या सालाला गौरीला हात कुटून आनू? बी ने. तीन पावसाळं दम धर."

तीन पावसाळे! पण बांध तिचा, वेली तिने राखलेल्या. फडकंभर बी घेऊन आलो.

घरी मंगला दारातच आडवी आली. ही वेल दारात लावली की घरात भांडणं लागतात म्हणे. मी म्हटलं, खुळचट समजूत आहे. ती म्हणाली, माझी आई खुळी होती का? मी म्हटलं, आईचं नाव मी घेतलं का? असं जेवणापर्यंत चाललं. बी अजून फडक्यातच होतं, त्यामुळे वेलीला दोष देता येत नाही. शेवटी म्हणाली, लावायचीच तर कुंपणाच्या बाहेर लावा. मला ती माझ्या खिडकीसमोर हवी आहे.

बोईसरचा भंगारवाला येऊन गेला. बाबांच्या आणि माझ्या डायांनी एक अख्खी भिंत भरली आहे. तो पोलाद वजनावर घ्यायला तयार आहे. मीही तयार झालो होतो, पोट काय भिंतीकडे बघून भरतं? मंगला म्हणाली, या महिन्यात नको, घरात तांदूळ हायेत. बघितलं तर पिंप खरंच भरलेलं. वाडीतले नारळ यंदा बरे गेले असावेत. माडांचे उपकार.

१४ जून १९६४

आज पेरणी. बी कडक असतं, महिनामहिना उगवत नाही, असं ठकी म्हणाली होती. मी पोलाद नरम करणारा माणूस, बियांनी मला काय दमवावं! बारीक कानस काढली आणि एकेक बी घासून घेतलं. वरचा लाल पापुद्रा गेला, खालचं टणक कवच पातळ झालं. सगळे दाणे एका मापाचे, चकचकीत. वाकडेतिकडे दाणे निवडून खिडकीच्या कट्ट्यावर टाकले, झाडताना जातील.

मंगला बघून म्हणाली, "बी हाय ते, मनी नाय." कारागिरीतलं तिला काय कळणार? घासलेटच्या डब्यांत माती भरून खिडकीखाली लावलं. दीड वर्ष हाताला कानस लागली नव्हती. हात भरून आले, पण इतकं बरं वाटलं की काय सांगू. कानशीचे उपकार.

२ ऑगस्ट १९६४

डब्यांत काही नाही. आज एक दाणा उकरून बघितला, आत नुसता लगदा. कवच घासता घासता मी बियांचा जीवच घासून टाकला होता. चांगला हात दुसऱ्या कामात कसा वाईट ठरतो ते कळलं.

पण गंमत पुढेच आहे. मोरीपाठच्या फुटक्या घमेल्यात गवतासारखी पाच पाती वर आली आहेत आणि ती गवत नाहीत. कट्ट्यावरचं वाकडं बी कावळ्यांनी नेऊन तिथे टाकलं असणार. माती भुसभुशीत आहे, कारण मंगला भांड्यांची राख तिथेच ओतते. तिचा निष्काळजीपणा असा कामाला आला. घमेलं उचलून मी माझ्या खिडकीखाली आणलं. कावळ्यांचे उपकार.

१२ सप्टेंबर १९६४

गौर आली. हात ठकीच्या भाऱ्यातले. आमच्या रोपांना जेमतेम चार-चार पानं, फुलांचं नाव नाही. पाटल्या यंदाही राहिल्या. मंगलाने ट्रंकेला कुलूप घातलंय आणि किल्ली पालघरला हंसाकडे राहिली म्हणाली. हंसा आमची लेक, तिला गेल्या वर्षीच उजवली. मी म्हटलं, तुझं डोकं तरी धडावर राहतं कसं? ती हसली.

१५ नोव्हेंबर १९६४

रोपं मेली. पिवळी पडली आणि आडवी झाली. मी रोज पाणी घालत होतो, तरी मेली. वर्ष फुकट गेलं. घमेलं उचललं आणि कुंपणापलीकडे उपडं केलं.

त्यातच महादू आला. तोही डायवालाच, माझ्याबरोबर शिकलेला. अक्करपट्टीला अणुवीजघराचं काम निघालंय, तिथे एका ठेकेदाराकडे लागला. म्हणाला, पंढरीदादा, घासकामाला माणसं हवीत, ये. मी भंगारवाल्याला निरोप धाडला, उद्या ये आणि सगळं घेऊन जा. ते ऐकून मंगला बिथरली. तिचं म्हणणं, कामावर खुशाल जा, पण डाय विकायच्या नाहीत. माझं म्हणणं, डाय घरात असल्या तर माझं मन त्या कामात लागणार नाही. एक घाव दोन तुकडे. बरंच वाजलं. मग ती उठून कुंपणाकडे गेली ती तिन्हीसांजेला परतली, कोपरापर्यंत मातीने भरलेली. मी रागावलो की ती असंच काहीतरी उकरायला घेते.

आज कोणाचेही उपकार नाहीत.

१६ नोव्हेंबर १९६४

भंगारवाला आला तेव्हा मी समुद्रावर होतो. मंगलाने त्याला दारातूनच लावून दिलं. महादूला मी सांगितलं, पुढच्या महिन्यात बघू. तांदूळ अजून आहेत.

२७ जून १९६५

लिहायचं सोडून दिलं होतं, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुंपणाबाहेर पांगाऱ्याच्या बुंध्याशी कोंब आले आहेत! जाडजूड, बोटाएवढे. मी उपडं केलेल्या मातीत काहीतरी जिवंत होतं तर. पाचच्या पाच. शिवाय एका ओळीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, प्रत्येकाला चढायला एकेक काटकी जवळच पडलेली. मी माती भिरकावली तेव्हा ती अशी ओळीत पडली होती हे मलाच ठाऊक नव्हतं. देवाची करणी म्हणतात ती अशी. मंगलाला ओढत नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "बगा तरी." देवाचे उपकार.

११ सप्टेंबर १९६५

लढाई चालू आहे. अंधार पाळायचा हुकूम आहे, म्हणून खिडकीला काळा कागद लावलाय आणि दिवसाउजेडीच सगळं उरकून घेतो. वेली पांगाऱ्यावर पुरुषभर चढल्या. प्रत्येक पानाचं टोक वळून आकडा होतं आणि मिळेल त्याला धरतं. भिंगातून बघताना वाटलं, हा आकडाही डायमध्ये आला पाहिजे. फूल मात्र यंदाही नाही.

गौर नऊ दिवसांपूर्वी आली. पाटल्यांचं मी विचारलं तर मंगला म्हणाली, लढाईच्या दिवसांत सोनं मिरवायचं का? मला अभिमान वाटला. महादूलाही सांगितलं. तिचे उपासही वाढलेत, सोमवार होता, आता गुरुवार आणि शनिवारही धरते. देवभोळी ती आधीपासूनच. जवानांचे उपकार.

२१ ऑगस्ट १९६६

चौथं वर्ष बेकारीचं. मधूनमधून कोणी पितळेच्या बिल्ल्याचा साचा करून नेतो, तेवढंच. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, येते, ती गिळवत नाही. आता मंगलाही 'या महिन्यात नको' म्हणत नाही. मी ठरवून टाकलं. महादूला शब्द दिला, गौर उठली की तुझ्या ठेकेदाराकडे येतो. भंगारवाल्यालाही सांगितलं, गौर उठली की ये. पंचावन्नाच्या घरात आलो असलो तरी डोळे अजून शाबूत आहेत, काम जमेल.

पण आज वेलीवर कळ्या दिसल्या. हिरव्या, खाली लोंबणाऱ्या. फूल उमललं तर एक डाय कापीन. शेवटची. मग भिंत रिकामी झाली तरी चालेल.

१८ सप्टेंबर १९६६

फुललं! आज गणपती बसले आणि आज फुललं. आरती कशी म्हटली ते मला विचारू नका.

पाट घेऊन कुंपणाबाहेरच बसलो. तोडायचं नव्हतंच. मेणावर उतरवलं, मग ठोकळ्यावर आखलं. आधी हिरवट पिवळं, मग कडेने तांबूस, बघता बघता सगळं लाल होत जातं, पण मला रंगाशी काय करायचं? मला तो बाक हवा होता. मंगलाने पोळ्यांचं ताट तिथेच आणून ठेवलं. येणारेजाणारे हसून गेले.

२० सप्टेंबर १९६६

डाय झाली. पोलादाला पाणी दिलं. पितळेचा पातळ पत्रा ठोकून बघितला. सहाही पाकळ्या उलटून वर गेल्या आणि बाजूला पानाचा आकडा. बाबा असते तर नुसती भिंगातून दोनदा बघून मला परत दिली असती. त्यांची शाबासकी तीच होती.

२१ सप्टेंबर १९६६

आज सगळं लिहायचं आहे.

सकाळी ठकी आली ती रिकामीच. भारा तेरड्याचाच होता. बेटेगावच्या बांधावरून सडक गेली, वेली कांद्यासकट उखडल्या. आळीतल्या बायका दारात गोळा झाल्या, कारण हाताशिवाय गौर कशी बसवायची? मी काही बोलायच्या आत मंगला सगळ्यांना कुंपणाबाहेर घेऊन गेली. माझ्या पाच वेली फुलांनी लवल्या होत्या. एकेका घराला दोन-दोन फुलं मोजून दिली. ठकी वेलींच्या बुंध्याशी बसून बघत राहिली. मग मंगलाकडे वळून म्हणाली, "बाय, बरा लावलास. आडवाच ठेवलास ना कांदा, मी सांगितला तसा?"

मी विचारलं, कोणी लावला? ठकीला माझा प्रश्नच कळेना. म्हणाली, तुझ्या बायनं. दोन सालामागं धावत आली होती बोईसरच्या बाजाराला, पानं वाळली, मेली काय विचारायला. मी म्हटलं मेली नाय, झोपली. कांदा जमिनीत निजतो, पाणी तोडायचं.

म्हणजे मी घमेलं उपडं केलं त्या दिवशी भांडणानंतर ही मातीतून करंगळीएवढे कांदे वेचत होती. कावळे नव्हते. घमेल्यात बीही तिनेच टोचलं होतं. आणि ही बाई दारात वेल नको म्हणून माझ्याशी भांडत होती! मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "दारात नकोच हाय. म्हनून तर भायेर लावली."

मला हसू आलं. खूप हलकं वाटलं. आत आलो तो त्याच तारेत. हंसा सूप घेऊन तयार होती, तेरड्याच्या जुडीला हात खोचले की ती सुपात घेऊन बाहेर जायचं आणि गौर म्हणून दारातून आत आणायची. मी म्हटलं, मंगला, आज पाटल्या काढ. आज गौरीला पाटल्या घालायच्याच. हंसा, आईची किल्ली आणलीस का? हंसाने आईकडे बघितलं. "कसली किल्ली?" म्हणाली.

मंगला जुडीपुढे बसली होती. तिने दोन फुलं घेतली आणि गौरीच्या दोन्ही बाजूंना खोचली, नीट, एक उजवीकडे, एक डावीकडे. मी तिच्या हातांकडे बघत होतो. हिरव्या काचेच्या बांगड्या. आणि मनगटावर, जिथे पाटल्या असायच्या तिथे, कातडीला वळ असायचा, तोही आता राहिला नव्हता. वळ पुसायला वर्षं लागतात. केसाएवढी रेघ चुकली तर मला दुरून दिसते, आणि हे तीन वर्षं माझ्यासमोर ताट वाढणाऱ्या हातांवर मला दिसलं नाही.

पिंपातले तांदूळ माडांनी भरले नव्हते.

हंसा गौर आणायला बाहेर गेली तेव्हा मी विचारलं, कधी? म्हणाली, पैल्याच वर्साला, पालघरच्या सोनाराकडं, एक आदी आन एक मागनं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? त्या माझ्या हातच्या पहिल्या डायवरच्या होत्या.

"डाय भिंतीवर हाय ना ती?" म्हणाली. "मग पाटल्या परत होतील. ती भिंत मोडीत गेली असती, तर तुमी परत झाला असता का?"

 गणपतीपुढे मी लहान पोरासारखा रडलो. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, गौर दारात आलीय, उठा.

गेल्या तीन वर्षांत मी ठकीचे उपकार मानले, माडांचे, कानशीचे, कावळ्यांचे, देवाचे, जवानांचे. आज मंगलाचे. आजचेच नव्हेत.

२४ सप्टेंबर १९६६

भंगारवाला आला. त्याला चहा पाजून परत पाठवला. महादूला सांगितलं, कामाला येतो, पण संध्याकाळी घरी येऊन पेटी उघडणार, ती वेळ माझी मला हवी. तो म्हणाला, उघड की, तुला कोण अडवतो?

१३ नोव्हेंबर १९६६

चौदा कॅरटची अट उठली! महिन्याच्या सुरुवातीलाच उठली म्हणे, आम्हाला कळायला इतके दिवस गेले. व्यापाऱ्याचा माणूस काल मुंबईहून आला होता. पितळेवर उठवलेलं फूल हातात घेऊन बराच वेळ उलटंसुलटं करत बसला. चार डायांचं काम देऊन गेला. ठेकेदाराकडचं काम या महिनाअखेर सोडतो. महादूही येतो म्हणतोय.

आज वेली वाळल्या. या वेळी मी पाणी तोडलं आणि कांद्यांना हात लावला नाही. शेंगा उकलल्या तसं बी काढलं. अर्धं ठकीचं. ती सडकेच्या वरच्या अंगाला डोंगरात पेरणार आहे. घासणार नाही, मी तिला आधीच बजावलं. उरलेलं आळीतल्या बायकांनी मागून नेलं, प्रत्येकीने कुंपणाबाहेर लावायला.

दुपारी सूत घेऊन मंगलासमोर बसलो. म्हटलं, हात पुढे कर, माप घ्यायचं आहे. सोनं येईल तेव्हा येईल. पण या फुलाची पहिली पाटली कोणाची हे ठरलेलं आहे, तेव्हा डायचा वळसा तिच्याच मनगटाचा हवा. ती आढेवेढे घेत बसली, या वयात कशाला, हंसाला करा. मी ऐकलं नाही. मग तिने पाण्याचे हात पदराला पुसले आणि उजवा पुढे केला. मी सूत गुंडाळलं, गाठ मारायला आवळलं.

"जरा सैल घ्या," ती म्हणाली. "परत काढायची पाळी आली, तर पटकन निगाया हव्यात."